मागच्या सीटवर आबा

माझे वडील कधी कुणाच्या गाडीवर मागे बसले नाहीत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सगळं गावही आबाच म्हणायचं. रस्त्यात कुणी गाडी थांबवून "चला आबा, सोडतो" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मागे पोतं बसाडतस. मले पाय शेतस." म्हणजे मागे पोतं बसवतात, मला पाय आहेत. आणि भर उन्हात दोन कोस चालत सुटायचे. आई कपाळाला हात लावायची. आबांचं म्हणणं असं की हँडल आपल्या हातात असेल तरच गाडी, नाहीतर ती नुसती ओझ्याची सोय.

त्यांचा धंदा विहिरीवरच्या मोटारी भरण्याचा. म्हणजे जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायची. नरडाण्याच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत एकही विहीर नसेल जिच्या काठावर आबा बसले नाहीत. मागच्या सीटला दोरीने मोटार बांधायची, डब्यात पाने-पक्कड टाकायची आणि निघायचं. गाडी काळी, गिअरची, टाकीवर आईने शिवलेलं रेक्झिनचं कव्हर. त्यांचा कान तर असा होता की बांधावर उभे राहून सांगायचे, "बेरिंग गयं." शेतकरी म्हणायचा, आबा, आधी बघा तरी. आबा म्हणायचे, बघायचं काय त्यात, ऐकू येत नाही का?

तर अशा माणसाचे डोळे गेले. काचबिंदू. आधी दोन्ही बाजू गेल्या, मग मधलंही धूसर झालं, आणि हा माणूस कुणाला सांगेल तर शपथ! पोळ्याच्या आठवड्यात एक दिवस ते शेजारच्या गावाहून गाडी ढकलत घरी आले. पेट्रोल होतं, हवा होती, काही बिघडलेलं नव्हतं. आईने विचारलं तर म्हणाले, "बैल दिसना नही." एवढंच. बैल वाचला, आबाही वाचले. त्यांनी गाडी पडवीत स्टँडवर लावली, वरून आईचं जुनं लुगडं टाकलं आणि खाटेवर जाऊन बसले. त्यानंतर ते चौकातसुद्धा गेले नाहीत. दाढी करायला न्हाव्याला घरी बोलवायचे.

त्याच हिवाळ्यात दोंडाईच्याच्या चाची वारल्या. चाचा आणि आबा तरुणपणी धुळ्यात एकाच उस्तादाच्या हाताखाली वाइंडिंग शिकले होते. मग चाचांनी दोंडाईच्यात दुकान टाकलं, आबांनी गावोगाव फिरायचं ठरवलं, पण दोस्ती तुटली नाही. ईदला आबा तिकडे, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, चाचा इकडे. दर शुक्रवारी नमाज झाली की चाचांचा फोन यायचा. दोघं अर्धा अर्धा तास काय बोलायचे देव जाणे. चाचींनी माझ्या लग्नात भरीत केलं होतं, ते आमच्या भावकीतल्या बायका अजून आठवतात.

आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की दारावर जावं लागतं. जाऊन ओट्यावर बसायचं, दोन शब्द बोलायचे, नाही सुचले तर नाही बोलायचे. पाणी प्यायचं आणि उठायचं. एवढंच, पण ते चुकलं तर माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. अमक्याचं दार राहिलं, असं म्हणतात. मुसलमानांची पद्धत वेगळी, पण माझी आजी गेली तेव्हा चाचा पहिल्या दिवशी आमच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा आबांच्या हिशेबी पद्धत एकच. आणि चाचींचं दार आबांकडून राहिलं. फोनवर म्हणाले, तब्येत बरी नाही. डोळ्यांचं एक अक्षर नाही. पुढच्या शुक्रवारी चाचांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी त्या वेळी त्रेचाळीस वर्षांची. बावीस वर्षं जळगावात पिंप्राळ्यात काढली. तिथे गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळायची, घरात ह्यांची बिनगिअरची स्कूटर होती. मागे बसून माझं सगळं भागलं. मग ह्यांना नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, आम्ही तिथे खोली घेतली आणि माझं माहेर चार किलोमीटरवर आलं. मी रोज दुपारी जायला लागले. रोज तेच चित्र: आबा खाटेवर, तोंड भिंतीकडे.

मी एकुलती एक, आणि तोंडाने फटकळ. मी म्हटलं, "आबा, रेल्वेने चला, मी येते सोबत. नाहीतर रिक्षा सांगते, दारापासून दारापर्यंत."

"चाचानी मले असा दखवा?" ते म्हणाले. चाचाने मला असं बघायचं?

"असा म्हणजे कसा?"

"दुसरानी पोचाडेल."

दुसऱ्याने पोचवलेला! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग बसा इथेच," म्हणून मी पायात चपला घातल्या. आणि जाता जाता काय झालं कोण जाणे, रागाच्या भरात पडवीतल्या गाडीवरचं लुगडं मी खसकन ओढलं. "ही गाडी मी शिकते," म्हटलं. "पाहू कोण कुणाला पोचवतं ते."

आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. "चाळिशी उलटली बाई तुझी. हाडं मोडून घेशील."

खाटेवरून आवाज आला, "कोण शिकाडी तिले?"

"हे शिकवतील," मी म्हटलं.

"जावई? त्याले गिअरनी गाडी येस का?" आबा उठून बसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड आमच्याकडे झालं. "मी शिकाडसू."

मी कच्चं लायसन काढलं. नरडाण्यात एका दुकानात कॉम्प्युटरवर ती परीक्षा झाली. खुणा ओळखायच्या, बरोबर उत्तरावर टिचकी मारायची. त्या दुकानदाराने नियम वाचून दाखवला आणि मी तो घरी येऊन आबांना सांगितला, की कच्चं लायसन असलेल्याच्या मागे पक्कं लायसनवाला बसलेला पाहिजे. झालं! आबांनी तो नियम असा धरला की जणू त्यांच्यासाठीच केला होता. येता-जाता म्हणायचे, "कायदा शे. मले बसनंच पडी." ज्याला दिसत नव्हतं त्याच्या खिशात लायसन होतं आणि जिला दिसत होतं तिच्याकडे नव्हतं. हे म्हणाले, सरकारला हे कळलं तर दोघांनाही आत टाकतील.

पण त्या नियमाने आबा मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि बसले ते काही प्रवासी म्हणून नाही, मास्तर म्हणून.

रविवारी सकाळी आम्ही वसाहतीत जायचो. तिथे रस्ते हे एवढे रुंद, डांबरी, आणि दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, बाभळी माजलेल्या. आबा मागे ताठ बसायचे, हात स्वतःच्या गुडघ्यांवर. माझ्या खांद्याला त्यांनी चुकूनसुद्धा बोट लावलं नाही. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. दहादा, वीसदा. आबा म्हणायचे, "भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढतेस ना, वाफ हाताला लागू नये म्हणून? तसं सोड." आणि खरंच जमलं की! पुरुषाला स्वयंपाकातलं उदाहरण कुठून सुचलं, मला आजही नवल वाटतं.

गिअर ते ऐकून सांगायचे. इंजिनचा आवाज चढला की मागून यायचं, "रडी ऱ्हायनी ती, टाक!" मी पुढून पाय दाबायचे. घाई केली तर म्हणायचे, "अजून पोट नही भरनं तिनं. थांब." गाडी दमली की "काढ". टाक, काढ, थांब. बाकी काही नाही. आबा जाऊन आता दोन वर्षं होतील, पण अजून तिसरा टाकताना माझा कान मागे जातो.

बघायचं काम माझं. ते विचारायचे, "समोर काय शे?"

"म्हैस."

"कितली दूर?"

"लांब आहे."

"तुझं लांब म्हणजे किती? खांब मोज."

मग आम्ही विजेच्या खांबांवर आलो. म्हैस तीन खांब. ट्रॅक्टर पाच खांब. तीन खांबांच्या आत काही आलं की गिअर काढायचा, एका खांबावर आलं की ब्रेक. मी ओरडायचे, "आबा, बाई, दोन खांब, डोक्यावर चारा!" आणि ते मागून, "काढ!" शेजारून जाणारे वळून बघायचे. त्यांना वाटत असेल ह्या दोघांचं भांडण चाललंय. एकदा बाभळीत घातली मी गाडी. आबा मातीत बसले, टोपी एकीकडे, आणि चाचपडत आधी गाडीचं हँडल सरळ आहे का पाहिलं, मग विचारलं, "तुले लागनं का?" मी इतकी चिडले, इतकी चिडले, आणि मग दोघं तिथेच बसून हसत सुटलो. माझ्या कोपरातले काटे आईने सुईने काढले, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

हळूहळू आबांचं फिरणं सुरू झालं. वसाहतीतून परत येताना म्हणायचे, जरा चौकात घे, वळणं कशी घेतेस पाहू. चौकात न्हाव्याचं दुकान होतं, मग दाढी. दुसऱ्या रविवारी, खराब रस्त्याचीही सवय पाहिजे, म्हणून एका ओळखीच्याच्या मळ्यात. तिथे विहिरीची मोटार ऐकून यायची. कुणी विचारलं, "आबा, कथा चालनात?" म्हणजे कुठे निघालात, की छाती काढून सांगायचे, "पोरले गाडी शिकाडी ऱ्हायनू." रविवारचं बुधवारीही व्हायला लागलं. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "माणूस जिता झाला माझा. शिक बाई, सावकाश शीक."

मला वाटलं, आता विचारावं. एका रविवारी मी गाडी हमरस्त्याच्या फाट्याला उभी केली. "आबा, आज दोंडाईच्याच्या रस्त्याला लागू? चाचांकडे?"

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "दारवर कोणी गाडी शिकाले जास का?"

खरंच होतं ते. न्हाव्याकडे, चहावर, मळ्यात, सगळीकडे ते मास्तर म्हणून जाऊ शकत होते. त्या दारावर नाही. मी गाडी वळवली.

लायसनच्या परीक्षेत आठ काढायला लावतात, हे सगळ्यांना ठाऊक. पाय न टेकवता गाडी आठच्या आकड्यावरून फिरवायची. आईने हौसेने खळ्यावर फक्कीने मोठा आठ काढून दिला. आबांना मागे घेऊन मी आठवडाभर त्यावर घिरट्या घातल्या, पण एका टोकाला गेलं की रस्ताच संपायचा. परत उलटं यायचं कसं? आबा म्हणायचे, तुलाच जमत नाही. शेवटी हे एकदा आले आणि खळ्याकडे बघून पोट धरून हसले. आईने मराठी आठ काढला होता. "आरटीओत इंग्रजी लागतो, दोन वाटोळ्यांचा," हे म्हणाले. आई ठसक्यात म्हणाली, "मग तसं सांगायचं! आम्ही काय इंग्रजी शाळेत गेलोत?" दुसरा आठ ह्यांनी स्वतः काढला आणि तो मला दोन दिवसांत जमला.

धुळ्याला परीक्षेला आम्ही दोघंच गेलो, त्याच गाडीवर, हमरस्त्याने. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. आणि मागून आबा, "टाक. थांब. काढ." पोचले तेव्हा मला वाटलं, परीक्षा तर झालीच की माझी.

मैदानावर रांग होती. कॉलेजातली पोरं-पोरी आणि मी. माझी पाळी आली तसे साहेब म्हणाले, "काका, तुम्ही उतरा."

आबा उतरले.

आता काय सांगू! मी क्लच सोडला आणि गाडी सशासारखी पळाली. ती एवढी हलकी असते हे मला माहीतच नव्हतं. तीन महिन्यांत मी एक दिवसही एकटी बसले नव्हते. माझं सगळं तोलणं आबांच्या वजनासकट होतं. कसंबसं पहिलं वाटोळं घेतलं. इंजिन ओरडत होतं, मला ते ऐकूही येत होतं, पण पाय हलेना. मी वाट पाहत होते. साहेब ओरडले, "मॅडम, गिअर!" आणि मी काय केलं असेल? मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. रिकामी. तिथेच तोल गेला, दोन्ही पाय खाली. कॉलेजातल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. साहेबांनी कागदावर शेरा मारला, म्हणाले, "सराव करून परत या."

मला रडू येत होतं आणि आबा खुशीत! "व्हई पुढला टायमाले. घाई काय शे?" म्हणाले. येताना गाडी थांबवून गरम जिलेबी बांधून घेतली, आईसाठी वेगळी. मागे बसून चक्क गुणगुणत होते. मी नापास झाले आणि हा माणूस जिलेबी घेतो? घरी येऊन मी जिलेबीला हात लावला नाही. रात्रीची भांडी घासताना मात्र डोक्यात उजेड पडला. पक्कं लायसन आलं की मागे कुणी लागत नाही. कायद्याने आबांची जागा जाते. मग चौक नाही, न्हावी नाही, मळा नाही. मग परत खाट.

खरं सांगते, त्यानंतर महिनाभर मीही टाळाटाळ केली. पुन्हा अर्ज करायचा, तर म्हटलं करू सावकाश. रविवार मजेत चालले होते. बुधवारही चालले होते. ते दिवस मला फार प्रिय आहेत, मी ते खोटं का बोलू? लहानपणीही आबा मला एवढे मिळाले नव्हते, तेव्हा ते कायम कुणाच्या तरी विहिरीवर.

पण शुक्रवार यायचा. दुपारी दोनच्या सुमाराला आबा खिशातला फोन काढून मांडीवर ठेवायचे. तीन वाजता परत खिशात घालायचे. आई आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि काहीतरी दुसरंच बोलायचो. असे किती शुक्रवार मी पाहिले. एका शुक्रवारी मला बघवेना.

त्या रविवारी वसाहतीत पोचलो आणि मी गाडी उभी केली. "आबा, उतरा."

"कसाले?"

"मला एकटीने चालवायची आहे."

ते उतरले. कुंपणाच्या एका दगडी खांबाला हात लावून उभे राहिले. मी गाडी काढली. लांबून ते ओरडत होते, टाक, टाक म्हणत असणार, पण मला ऐकू येईना. मग मी स्वतः ऐकलं. आवाज चढला, पाय दाबला. पहिल्या दिवशी तीनदा बंद पडली. तिसऱ्या रविवारी मी पूर्ण चक्कर मारून त्यांच्यापुढे येऊन थांबले तेव्हा ते खांबाला टेकून उभे होते. ओरडणं त्यांनी कधीच थांबवलं होतं. म्हणाले, "एकबी चूक नही व्हयनी." आवाजात आनंद होता की काय होतं, मला सांगता यायचं नाही.

धुळ्याला दुसऱ्यांदा पास झाले. पहिल्या झटक्यात, पाय न टेकवता. लायसन पोस्टाने आलं. मी ते आबांच्या हातात दिलं. त्यांनी कार्डावरून अंगठा फिरवला, कडा चाचपल्या. "झकास," म्हणाले. "आते तुले कोणी नही लागस." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

गाडी आता माझ्याकडेच असायची. रविवार आला. मी हॉर्न वाजवला. "तू जा," आईकरवी निरोप. बुधवारी तेच. पुढच्या रविवारी तेच. न्हावी परत घरी यायला लागला. मी गोड बोलून पाहिलं, चौकात चहाला चला म्हटलं. लाडीगोडी माझ्या तोंडाला शोभत नाही, ते त्यांनाही कळलं असणार. तीन आठवड्यांनी माझा बांध फुटला.

"आबा, मी शाळेत कुणाच्या मागे बसून गेले? पाय मोडला तेव्हा धुळ्याला दवाखान्यात कुणी नेलं? माझं बाळंतपण इथे झालं, जळगावहून मला कुणी आणलं? तुमच्याच मागे बसले होते ना? मग मी काय पोतं होते?" मी भांडत होते आणि रडतही होते, नाक पुसायला पदर पुरेना. "मला कधी लाज नाही वाटली तुमच्या मागे बसायची. उलट रुबाब वाटायचा, माझा बाप गाडी चालवतोय म्हणून. तुम्हाला माझ्या मागे बसायची लाज वाटते, एवढंच ना? मग तसं सरळ सांगा!"

आई म्हणाली, पुरे. मी तशीच निघून आले आणि दोन दिवस माहेरी गेले नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली होती. डोळे गेलेल्या म्हाताऱ्या बापाला असं बोलतं का कुणी?

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "ये. गाडी घेऊन ये."

मी गेले तर आबा फाटकात उभे. अंघोळ झालेली, धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. दाढी नव्हती केलेली, पांढरे खुंट तसेच.

"आबा, कुठे?" मी विचारलं.

"तुले माहीत शे."

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी सीट चाचपली आणि मागे बसले. शिंदखेड्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, सकाळचं ऊन कोवळं. मी पहिला टाकला, दुसरा टाकला. मागून काही नाही. तिसरा टाकला. काही नाही. समोर बैलगाडी आली, चार खांब, तीन खांब, मी मनातल्या मनात मोजले आणि गिअर काढला. आबा एक अक्षर बोलले नाहीत. मला ते गप्प बसणं सोसेना, वाटलं एकदा तरी रागवा हो. शिंदखेड्याच्या अलीकडे एक खड्डा चुकवताना गाडी जराशी हेलकावली आणि माझ्या खांद्यावर हात पडला. मला वाटलं आता काढतील. काढला नाही. दोंडाईच्यापर्यंत तो हात तिथेच होता.

चाचांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. बाहेर ओट्यावर खाट टाकून ते बसले होते, मांडीवर उघडलेली मोटार. किती वाळले होते! मी गाडी स्टँडवर लावली. चाचांनी मान वर करून पाहिलं, आणि परत खाली घातली. हातातली तार गुंडाळत राहिले.

"बहुत जल्दी आया, भाऊ," ते म्हणाले. एवढ्या महिन्यांचा राग त्या चार शब्दांत होता. "चाळीस दिन मैं यहीं बैठा था, इसी खाट पे. कोई भी गाडी रुकी तो लगता था, तू आया."

आबा गाडीपाशीच उभे होते. ओटा डाव्या हाताला होता आणि ते समोर बघत होते. मी पुढे व्हायला गेले तर त्यांनी हाताने मला थांबवलं. चाचांच्या सुनेने पाण्याचा तांब्या आणला होता, तीही दारातच थबकली. मला वाटलं, आता तब्येतीचं काहीतरी सांगतील. सांगितलं असतं तरी चाललं असतं, चाचांनी ऐकून घेतलं असतं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"मले दिसत नही, भाऊ," ते म्हणाले. "मनी पोर मले ली उनी." माझी पोर मला घेऊन आली.